शिळाछापाची पाचवी प्रत

सातपूर, नाशिक
३ ऑगस्ट २०२४

ती. वत्सलाआत्या,

नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं वाचायचं नाही हा तुझा हट्ट, म्हणून या वयात मला पत्र लिहायला शिकावं लागतंय. शाळेत याच प्रश्नाला दहापैकी तीन मिळाले होते, तेव्हा चुका पदरात घे.

काम असं आहे. दुकानात एक चित्र फ्रेमला आलंय. आमच्याकडे काय काय येतं तुला ठाऊक आहे. कारखान्यातल्या निरोप समारंभाचे फोटो, स्वामी समर्थ, दहावीचं सर्टिफिकेट. हे त्यातलं नाही. जाड खरबरीत कागद, काळ्या शाईत छापलेलं. घाटाच्या पायऱ्या आहेत, पण त्या वर जाता जाता ढगात शिरतात. एका पायरीवर पत्रावळ, तिच्यावर भाताचे तीन गोळे, आणि गोळ्यांना अंड्यासारखे तडे गेलेत. मागे चार माणसं उभी. धोतर, लुगडं सगळं नीट, मानेवर मात्र पाखरांची डोकी. त्यांच्या शेजारी पाचव्या जागी कोणीच नाही, नुसते ओले ठसे, तीन बोटांचे. कठड्यावर एक कावळा पाठ करून बसलाय. त्याला पायांच्या जागी बाईचे हात आहेत, बांगड्यांसकट!

भाग्यश्री म्हणाली, "अहो, हे भिंतीवर लावलं तर पाहुणे चहा न घेता पळतील."

खाली कोऱ्या पट्टीत पेन्सिलीनं लिहिलंय. डावीकडे १/५, मध्ये तारीख १४ मार्च १९९४, उजवीकडे सही, 'आशा'. ती पट्टी कापली तर तयार फ्रेममध्ये चित्र चपखल बसतं. कापू का? तू चित्रकलेची बाई, तूच सांग.

आणि गंमत बघ, बाबांची ती सायखेड्याला नदीत बुडालेली बहीण, तिचं नाव आशाच ना?

तुझा,
जीवन


देवळा
७ ऑगस्ट २०२४

चि. जीवन,

आधी हातातलं ब्लेड खाली ठेव. मग पुढं वाच.

याला शिळाछाप म्हणतात. सपाट दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वरून शाई फिरवायची. ओल्या जागी शाई धरत नाही, खडूच्या रेघांवर धरते. मग कागद ठेवून दाबायचा. हव्या तितक्या प्रती निघाल्या की दगड घासून कोरा करतात, म्हणजे पुन्हा कुणी छापू नये. १/५ म्हणजे पाचांतली पहिली. पाचही प्रती सारख्या असतात, आणि खालची सही म्हणजे चित्रकाराचा शब्द. ती कापणारा कारागीर लग्नपत्रिकेतून नवरीचं नाव कापील.

आशा नावाच्या बायका एकट्या देवळ्यात वीस सापडतील. उगाच घरातली नावं त्यात ओढू नकोस.

दोन गोष्टी कळव. चित्र कोणी आणून दिलं? आणि त्या चारांपैकी कुणाच्या हातात छत्री आहे का?

वत्सलाआत्या


सातपूर
२१ ऑगस्ट २०२४

ती. आत्या,

छत्री आहे. टोकाच्या बाईच्या हातात. तिच्या मानेवर साळुंकीचं डोकं आहे आणि छत्रीच्या काड्या पंखांच्या हाडांसारख्या काढल्यात. पण मी तर छत्रीचा शब्दही लिहिला नव्हता. तुला कसं कळलं?

चित्र देणारी बाई भाग्यश्रीला भेटली, मी लाकडाच्या पट्ट्या आणायला गेलो होतो. साठीची असेल, पांढरे आखूड केस, नखांत काळी शाई. नाव विचारलं तर म्हणाली, "चित्रावर आहे." मग काउंटरमागच्या बाबांच्या हार घातलेल्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. "हे कधी गेले?" एवढं विचारलं आणि उत्तर न ऐकताच पायऱ्या उतरली.

परवा ती पुन्हा आली, दुसरं चित्र घेऊन. २/५. तोच घाट, तोच कावळा, कागदसुद्धा तोच. तू म्हणालीस प्रती सारख्या असतात, पण यात तीनच माणसं आहेत, आणि रिकाम्या दोन जागी ओले ठसे. तारीख ५ डिसेंबर २००३.

मला चैन पडेना म्हणून घरच्या जुन्या फोटोंच्या पाठी बघितल्या. १४ मार्च ९४ ला आजोबा गेले. ५ डिसेंबरला आजी.

आणखी एक, हसू नकोस. पहिली फ्रेम तयार करून ठेवली तर काचेला आतून वाफ धरली. आमच्या धंद्यात असं होतं, पाठीची फळी दमट असली की होतं. फळी बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ. ती पण सगळ्या काचेवर नाही. माणसं उभी आहेत तिथं, तोंडासमोर, तीन ठिकाणी... नाही, चार. मी परत मोजलं.

जीवन


देवळा
२५ ऑगस्ट २०२४

चि. जीवन,

पावसाळ्यात सातपूरला सगळंच दमट असतं, त्यात नवल कसलं.

प्रती वेगळ्या निघाल्या त्यालाही कारण आहे. चित्रकार एक प्रत काढून दगडावरचा भाग खरवडतो आणि दुसरी काढतो. आकृती गेली, तिथं ठसे काढले, झालं. कुठल्याही दिवशी कुणी ना कुणी मेलेलंच असतं, तेव्हा तारखांचा बाऊ करू नकोस. छत्रीचं म्हणशील तर घाटावर उन्हात कुणी ना कुणी छत्री धरतंच. सहज विचारलं.

तिचं काम नीट करून दे आणि जास्त चौकशा करू नकोस. दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या घरात डोकावू नये.

वत्सलाआत्या

ता. क. भाग्यश्रीला एवढंच विचार, ती बाई पावतीवर सही करताना डाव्या हातानं करत होती का?


सातपूर
१५ सप्टेंबर २०२४

आत्या,

डाव्याच हातानं.

तिसरं आणि चौथं चित्र आलं. तिसऱ्यात दोघं उरलीत, तारीख वाळूकाका गेले ती. चौथ्याची तारीख ११ जून २०२२. बाबा गेले ती तारीख मला कुणी सांगायला नको. आम्ही ती पेपरात दिली नव्हती. त्या चित्रात फक्त छत्रीवाली उरली आहे.

आता मला दगडाचं शास्त्र सांगू नकोस. आजोबा, आजी, वाळूकाका, बाबा. पाचवी कोण ते मला मोजता येतं. चारही फ्रेमा मी भिंतीकडे तोंड करून ठेवल्यात.

तुला आठवतं, बाबांच्या दशक्रियेला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवत नव्हता? दुपार झाली. मी म्हटलं, बाबा, दुकान बंद करणार नाही. म्हटलं, तंबाखू सोडतो. कठड्यावर वीस कावळे बसले होते, एक खाली येईना. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तेव्हा तू पुढे झालीस, वाकलीस, पिंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटलीस. तू सरळ व्हायच्या आत कावळा पिंडावर होता. सगळे म्हणाले, वत्सलाबाईंनी भावाची इच्छा ओळखली.

काय बोललीस तेव्हा?

ती बाई पुढच्या आठवड्यात फ्रेमा न्यायला येणार आहे. त्याआधी सांग.

जीवन


देवळा
१९ सप्टेंबर २०२४

चि. जीवन,

पितृपंधरवडा लागला आहे. खोटं बोलायचे दिवस नाहीत, आणि माझं आता वयही नाही.

आशा बुडाली नाही. तिला आम्ही बुडवली.

माझ्याहून सात वर्षांनी लहान. डावरी, म्हणून आईचा रोज मार खायची. तिच्या हातात खडू मी दिला. बडोद्याला चित्रकला शिकायच्या अर्जावर घरचे म्हणून सही मी केली. तिथं तिनं छापखान्यातल्या एका मुलाशी लग्न केलं. आपल्यातला नव्हता. तिचं पत्र संध्याकाळी आलं. सकाळी दादा, म्हणजे तुझे आजोबा, म्हणाले, आशा मेली. आम्हाला वाटलं, रागानं म्हणतात. ते खरंच म्हणत होते. गावात सांगितलं की सायखेड्याला मावशीकडे गेली होती, गोदावरीत पाय घसरला, हाती लागली नाही.

मग दहाव्या दिवशी आम्ही पाचही जण रामकुंडावर गेलो. दादा, आई, वाळू, सोमा म्हणजे तुझा बाप, आणि मी. जिवंत पोरीचे पिंड मांडले. ऑक्टोबरचं ऊन होतं, माझ्या हातात काळी छत्री. तीन तास कावळा शिवला नाही. शिवेल कसा? तो काही आमच्यासारखा खोटारडा नव्हता. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला आणि उरकलं.

आता जे तुझ्या बापालाही मी कधी सांगितलं नाही ते लिहिते. त्या तीन तासांत मी एकदा समोर बघितलं. कुंडाच्या पलीकडच्या कठड्याशी आशा उभी होती. हातात पिशवी. देवळ्याच्या गाडीला वेळ होता म्हणून गंगेवर आली असेल, आईबापाच्या पाया पडायला निघालेली. तिनं आम्हाला बघितलं. मुंडण केलेले भाऊ बघितले, पत्रावळ बघितली. कोण मेलं ते तिला कळेना. ती तोंड उघडून आम्हा पाचांना मोजत होती, जीवन. पाचही जण होते. मग तिला कळलं.

मी हाक मारली असती तर पुढचं सगळं मोडलं असतं. मी छत्री आडवी धरली, दादांना ती दिसू नये म्हणून. नंतर मनाला सांगत आले, तिला वाचवायला धरली. खरं म्हणजे मला तिचं तोंड बघवेना. छत्री बाजूला केली तेव्हा ती नव्हती. अडतीस वर्षं झाली.

सोमाला शेवटी शेवटी तिचाच ध्यास लागला होता, तेव्हा पिंडाशी मी म्हटलं, "सोमा, मी तिला शोधीन." कावळा आला. आणि मी शोधलं नाही. भीती वाटली, ती खरंच सापडली तर?

ती आली की हे पत्र तिच्या हातात दे. सगळं वाचू दे. मला तिला एकदा बघायचं आहे. पाचवं चित्र व्हायच्या आत.

वत्सलाआत्या


सायखेडा
२८ सप्टेंबर २०२४

चि. जीवन,

तुला चिरंजीव लिहायचा हक्क मला आहे की नाही माहीत नाही, तरी लिहिते. फ्रेमा छान झाल्यात. सोमाही लहानपणी सुतारकामात असाच मन लावायचा.

वत्सूचं पत्र तीनदा वाचलं. ती समजते तसं मी काही केलेलं नाही, तेवढं तुला सांगायला हवं. त्या दिवसानंतर वर्षभरानं मी दगडावर ते चित्र काढलं. एकाच दुपारी पाच प्रती छापल्या. पाचही सारख्या. प्रत्येकीत पाचही माणसं उभी होती. आकडा घातला, सही केली, आणि त्याच संध्याकाळी दगड स्वतःच्या हातानं घासून कोरा केला. प्रती पत्र्याच्या नळीत घालून झाकण लावलं. ते पुन्हा उघडलं नाही. घरात कोण गेलं, कधी गेलं, मला कळवणारं कोण होतं?

गेल्या वर्षी माझे यजमान वारले. बडोदं सोडलं आणि जिथं मी बुडाले म्हणून सांगितलं होतं तिथंच खोली घेतली, नदीकाठी. मेलेल्या माणसाला कुणी ओळखत नाही. शेजारच्या नवसाबाई मला गुजरातची बाई म्हणतात. सामान लावताना नळी उघडली.

तू जे बघितलंस तेच मी बघितलं. तारखाही. तारीख मी कुठल्याच छापावर घालत नाही. अक्षर माझं आहे, डावऱ्या वळणाचं, पण ते मी लिहिलेलं नाही. मला वाटलं डोकं फिरलं. सातपूरला औषधाला गेले होते, तिथं तुझ्या दुकानात हार घातलेला सोमा दिसला. मला दिसतं ते इतरांनाही दिसतं का, एवढंच बघायला एकेक चित्र घेऊन आले. तू वत्सूला विचारशील हे ध्यानात आलं नव्हतं. की आलं होतं, देव जाणे.

पाचवी प्रत माझ्याकडेच आहे. तिच्यात वत्सू एकटी उभी आहे आणि खाली तारीख नाही. रोज सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी मी ते बघते. आहे ना, म्हणते, आणि मग चूल पेटवते. इतकी वर्षं मी तिच्यावर रागावले होते. आता ती कागदावरून जाऊ नये म्हणून मला झोप लागत नाही. तिला पाचव्याबद्दल काही सांगू नकोस.

मी देवळ्याला येणार नाही. त्या घरानं मला एकदा पोचवलंय. तिला यायचं असेल तर येऊ दे. पत्ता मागे लिहिला आहे.

आशाआत्या


देवळा
३ ऑक्टोबर २०२४

प्रिय आशा,

जीवननं तुझा पत्ता दिला. बाकी काही सांगत नाही, नुसता "लवकर जा" म्हणतो. त्याला कसली घाई झालीय कोण जाणे.

मंगळवारी, आठ तारखेला, सहाच्या गाडीनं निघते. पिंपळगावला गाडी बदलायची, म्हणजे दहा-अकरापर्यंत पोचेन. जीवन न्यायला येतो म्हणाला, मी नको म्हटलं. हा रस्ता मला एकटीनं यायचा आहे. जिना चढला की छातीत धडधडतं हल्ली, पण दोन दिवस नुसतं बसल्या जागीही धडधडतंय. आनंदाचं असेल. येताना बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणते, तुला अजून तिखट चालतं ना?

मी क्षमा मागायला येत नाही. ती मागायला तोंड नाही. पण तोंड दाखवायला यायला हवं, ते तरी लपवू नये.

मला ऐकू येत नाही. तू जे बोलशील ते मोठ्यानं बोल, किंवा पाटीवर लिही. शिव्या दिल्यास तरी लिहून दे, मी ठेवून घेईन.

तुझी,
वत्सू


सायखेडा
८ ऑक्टोबर २०२४, दुपार

चि. जीवन,

हे घाईत लिहिते. नवसाबाईंचा मुलगा नाशिकला निघालाय, त्याच्या हाती देते.

आज सकाळी उठले, चित्र बघितलं. घाटावर कोणी नव्हतं. पाचही जागी ओले ठसे. खाली माझ्या अक्षरात आजची तारीख. आणि कठड्यावरचा कावळाही नव्हता.

मी तशीच जमिनीवर बसून राहिले. दूध उतू गेलं ते कळलं नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग दार वाजलं.

वत्सू दारात उभी होती. पांढरी झालीय, वाळलीय, पण तीच. हातात पिशवी. मी हलूच शकले नाही. दोन पावलांवरून मी पुटपुटले, "वत्सू, आलीस?" इतकं हळू की माझं मलाच ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "आले गं. गाडीत छान झोप लागली. पिंपळगावला उतरल्याचंही आठवत नाही बघ."

आता ती आत बसलीय. मी चहा दिला. कप दोन्ही हातांत धरलाय, अजून प्यायला नाही, म्हणते बरं वाटतंय हाताला. भाकरी सोडून ठेवलीय आमच्या दोघींच्या मध्ये. बारीकसारीक सगळं बोलते, आईच्या मारापासून सोमाच्या गोट्यांपर्यंत, आणि मी काहीही विचारलं तरी पहिल्या हाकेला उत्तर देते. तिचे हात गार आहेत. मी एकदाच धरून बघितले, मग भीतीनं सोडले, आणि मग पुन्हा धरले.

जीवन, तुझा फोन नंबर पावतीवर आहे. नवसाबाईंच्या फोनवरून लावणार होते. नाही लावला. देवळ्याहून किंवा पिंपळगावच्या स्टँडवरून तुला सकाळी कुणाचा फोन आला असेल, कुणी काही सांगितलं असेल, तर ते मला कळवू नकोस. इकडे येऊही नकोस, निदान आजचा दिवस.

त्यांनी एकदा जिवंत पोरीचे पिंड मांडले. मी आज माझ्या बहिणीला जेवायला वाढतेय, त्यात कोणाचं काय जातं? उठायची घाई तिला नाही. मलाही नाही.

आशाआत्या